सीटनं मोजलेली बाई

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी तिच्यात वादळी रात्र घातली असती, दोन-चार कुत्री रडवली असती, जिन्यावर पैंजण वाजवले असते. पण जे झालं ते गुरुवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात. चार पदरी रस्ता, दोन्ही बाजूंना गोदामं, मध्ये सिमेंटचा दुभाजक. भुताला लपायला साधं एक झाडसुद्धा नव्हतं.

त्याला लपायची गरजच पडली नाही.

जिच्या बाबतीत झालं ती माझी सख्खी मावशी. घरात तिला सगळे काडी म्हणतात. लहानपणी आजी पंखा पाचवर करायची तेव्हा खिडकी लावून घ्यायची, ही बाहेर जाऊ नये म्हणून. वयानं मावशीनं कधीच चाळिशी ओलांडली. वजनानं मात्र ती अजून चाळिशीतच घुटमळत होती. रक्तदान शिबिरात दर वर्षी जायची आणि दर वर्षी तिला काट्यावर उभं करून, रक्त न घेता, नुसतं बिस्कीट देऊन परत पाठवायचे.

त्याचं तिला काही वाटायचं नाही.

गाडी घेईपर्यंत.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, वजनकाटे दुरुस्त करतात. सोनाराच्या नाजूक काट्यापासून ट्रकच्या काट्यापर्यंत सगळे. खाली दुकान, वर घर. दुकानात ते काहीही चालवून घेतात, एक गोष्ट सोडून. रात्री कुलूप लावताना काट्यावर काही राहता कामा नये. पेन नको, चहाचा कप नको, रुमालसुद्धा नको.

"काट्यावर वजन ठेवून झोपायचं नाही," ते म्हणतात. "त्याला सवय लागते. मग सकाळी तुम्ही उचललं तरी तो थोडं धरूनच बसतो."

ह्यावरून त्यांनी एकदा मावशीशी दोन दिवस अबोला धरला होता. ती काट्यावर कोथिंबिरीची जुडी विसरली होती म्हणून.

तर, गाडी.

सेकंडहँड, राखाडी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि एक दिवसाआड त्यांना व्यायामाला न्यायचं होतं, गोदामांच्या रस्त्यानं. त्या रस्त्यावर ट्रक असे चालवतात की जणू पुढची गाडी त्यांना दिलेली शिवी आहे. मागच्याच महिन्यात मावशीनं तिथे एक चेंदामेंदा झालेली गाडी बघितली होती. तिच्या खिडकीतून एअरबॅग बाहेर लोंबत होती, रिकाम्या उशीच्या अभ्र्यासारखी. आणि त्या गाडीतला माणूस फुटपाथवर बसून पाणी पीत होता.

जिवंत. पाणी पीत.

ते चित्र मावशीच्या डोक्यात बसलं. पिशवी फुगली म्हणून माणूस वाचला.

आणि पहिल्याच दिवशी नव्या गाडीत ती पुढे बसली, तर समोर एक नारिंगी दिवा लागला.

प्रवाशाची एअरबॅग बंद.

"अहो, हे काय?"

"काही नाही. दिवा आहे," काका म्हणाले.

ती उतरली, पुन्हा बसली. दिवा तसाच. जोरात बसली. तसाच. काका गंमत म्हणून बसले, तर दिवा पटकन विझला. म्हणजे काका बसले की पिशवी चालू. मावशी बसली की बंद.

वर्कशॉपमध्ये गेले. मेकॅनिकनं सीटखाली हात घालून बघितलं, एक तारेचं यंत्र लावून बघितलं, आणि शेवटी मावशीकडे बघितलं.

"सेन्सर ठीक आहे. मॅडम कमी आहेत."

"म्हणजे?"

"सीटमध्ये वजन ओळखायची सोय असते. अमुक वजनाच्या खाली कुणी बसलं की गाडी समजते, लहान मूल बसलंय. मग ती एअरबॅग बंद ठेवते. लहान मुलाला त्या पिशवीचा दणका जिवावर बेतू शकतो ना."

"मी लहान मूल आहे का?"

मेकॅनिकनं तिला वर-खाली न्याहाळलं. "गाडीच्या मते."

"आणि धडक बसली तर?"

"साहेबांची उघडेल."

"माझी?"

तो फडक्यानं हात पुसत राहिला. "ताठ बसा. दाराला टेकू नका. पट्टा लावा. तुम्ही अगदी काठावर आहात, कधी मोजेल, कधी नाही मोजणार. त्यापेक्षा मागे बसा ना."

"मागे आई बसतात."

"मग आईंना पुढे बसवा."

तिघांनी मागे बघितलं. सासूबाई अख्ख्या सीटवर पाय पसरून बसल्या होत्या.

"माझा पाय वाकत नाही," त्या म्हणाल्या. "हिला वाकवा."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "इतकी वर्षं माझ्या घरात जेवतेय. अंगाला काही लागलं नाही. मी बोलले की सासू वाईट. आता गाडी बोलतेय."

निघताना मेकॅनिक काकांना म्हणाला, "एक सांगतो, साहेब. सीटवर वजन-बिजन ठेवून त्याला फसवायला जाऊ नका. बिघडतो."

काका गाडीत बसले आणि रस्ताभर धुमसत राहिले.

"मला सांगतोय! काट्याला फसवू नका म्हणे. जन्म गेला माझा ह्यात."

"फसवण्यात?"

"काट्यांत!"

त्याच संध्याकाळी त्यांनी दुकानाच्या फळीवरून ते वजन काढलं.

दहा किलोचं. लोखंडी. वर कडी. एका बंद पडलेल्या शीतगृहातलं. ते आणणारा माणूस कधीकाळी एवढंच म्हणाला होता, "हे हलकं पडतंय, बघून ठेवा," आणि परत आलाच नव्हता. काकांनी तेव्हा तपासलं होतं. तंतोतंत दहा होतं. मग ते फळीवर पडून राहिलं, धूळ खात.

मावशी म्हणते, धूळ आजूबाजूच्या सगळ्या वजनांवर होती.

त्याच्यावर नव्हती.

काकांनी ते गोणपाटात गुंडाळलं आणि पुढच्या सीटच्या कव्हरखाली, पाठीच्या बाजूला सरकवलं. मावशी बसली.

दिवा विझला.

"बघ!" काका ओरडले. "झालीस मोठी!"

मावशीला पहिल्यांदा हायसं वाटलं. पिशवी आता तिची होती. तिनं मागे टेकून बघितलं, जरा सरकून बघितलं.

"बोचतंय का?" काकांनी विचारलं.

"बोचत नाही. पण कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतंय."

"मग चांगलं आहे की. तेवढंच माहेरपण."

पुढचे काही दिवस काही झालं नाही. मावशीनं एकदा रात्री विचारलं, "अहो, ते काढून ठेवूया का? तुम्हीच म्हणता ना, काट्यावर वजन ठेवून..."

"ती सीट आहे. काटा नाही."

"आत काटाच आहे म्हणाला ना तो?"

काकांनी पेपर उलटला. पेपर कालचा होता.

वजन तिथेच राहिलं.

रात्रंदिवस.

मग एका सकाळी गाडी बाहेर काढली. फाटक लावायला मावशी खाली उतरली होती. सासूबाई मागे. काका स्टिअरिंगवर. पुढची सीट रिकामी.

आणि गाडी वाजायला लागली.

टुंग... टुंग... टुंग...

शेजारच्यानं पट्टा लावला नाही की वाजते ती.

"अगं, लाव की पट्टा!" सासूबाई आतून ओरडल्या.

"मी बाहेर आहे, आई!"

"मग आत कोण आहे?"

काका हसले. "आई, ते वजन आहे. गाडीला वाटतंय माणूस बसलंय."

काल-परवापर्यंत एवढ्या वजनाला गाडी माणूस समजत नव्हती, हे काकांच्या लक्षात आलं नाही. मावशीच्या आलं. ती फाटकाची कडी हातात धरून उभी राहिली.

टुंग... टुंग...

खट्.

आवाज थांबला.

मावशी धावत आली आणि तिनं दार उघडलं.

पट्टा लागलेला होता.

रिकाम्या सीटवर, नीट, खाचेत अडकवलेला. पण सीटला चिकटून नव्हता. मध्ये फुगीर होता... एखाद्या मोठ्या पोटावरून गेल्यासारखा.

"तुम्ही लावलात का हो?"

"मी कशाला लावू? मी माझा लावत होतो."

मावशीनं बटण दाबलं. पट्टा सुटला. सावकाश, अजिबात घाई न करता आत गेला.

तिनं सीटला हात लावून बघितला. गरम होती. ऊन त्या बाजूला आलंच नव्हतं.

ह्यावर काका म्हणाले, "वायरिंगचा दोष." ज्या गोष्टीचं कारण काकांना कळत नाही तिचं ते वायरिंग करून टाकतात.

दोन फेऱ्यांनंतर मावशी औषधाच्या दुकानात उतरली. गाडी रस्त्याच्या कडेला उभी. परत येताना तिला लांबूनच सासूबाईंचा आवाज ऐकू आला.

"सरक की जरा! पुढचं काही दिसत नाही मला. एवढी कशी गं आडवी झालीस?"

मावशी गाडीजवळ येऊन थांबली. खिडकीतून आत बघितलं. सासूबाई पुढच्या सीटच्या पाठीवर काठीनं हलकेच टोचत होत्या.

"आई, कुणाशी बोलताय?"

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग पुढच्या सीटकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

त्या घाबरल्या नाहीत. ही गोष्ट मावशीला जास्त लागली.

"हं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तब्येत सुधारली."

मावशी आत बसली, तर नारिंगी दिवा लागला. पाठीमागे वजन होतं, तरी लागला. इतके दिवस विझत होता. ती हलली, टेकली, ताठ बसली. दिवा तसाच.

जणू सीटला आता तिची गरज नव्हती.

घरी आल्यावर ती काकांना म्हणाली, "उद्यापासून मी येणार नाही."

"मग आईला उतरवणार कोण? मी गाडी बघू का आईला बघू?"

"वजन काढा मग."

"काढतो."

काढलं नाही. दिवा पुन्हा विझतोय का हे त्यांना बघायचं होतं.

आणि विझला.

त्या दिवशी मावशी बसली, दार लावलं, पट्टा लावला. दिवा लगेच गेला. गाडी गोदामांच्या रस्त्याला लागली. काका खुशीत होते.

"बघ, आज मोजलं तुला!"

मावशी काही बोलली नाही.

तिला बोलता येत नव्हतं.

तिच्या मांडीवर काहीतरी होतं. दिसत काहीच नव्हतं. आपला हिरवा ड्रेस दिसत होता, मांडीवरची पर्स दिसत होती. पण ती पर्स हळूहळू चपटी होत गेली. आतला चष्म्याचा डबा कडकन मोडला. पट्टा छातीवर आवळत गेला. थंडगार, ओलसर, लोखंडाचा वास... आणि त्याच्याबरोबर श्वास. तिचा नव्हे.

तिनं काकांच्या बाहीला हात लावायचा प्रयत्न केला. हात उचलेना.

काका ट्रकवाल्यांना शिव्या देत होते.

मागून सासूबाईंचा आवाज आला. अगदी साधा. भाजीचा भाव विचारावा तसा.

"आज दोघी दोघी कशाला बसल्यात पुढे?"

काकांनी आरशात बघितलं. मग डावीकडे बघितलं. मावशीचे ओठ निळे पडले होते.

त्यांनी गाडी बाजूला घेतली, तिचा पट्टा सोडवला, तिला ओढून बाहेर काढलं. ती फुटपाथवर बसली आणि धापा टाकत राहिली. काकांनी पाण्याची बाटली दिली.

ती पाणी प्यायली. वर गाडीत, रिकाम्या सीटसमोर, नारिंगी दिवा विझलेलाच होता.

संध्याकाळी दुकान बंद करताना काकांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि ते वजन सीटमधून काढून आणलं. काढताना दोन्ही हात लावले. मांजराला आंघोळीला न्यावं तसं अंगापासून लांब धरलं होतं.

काट्यावर ठेवलं.

दहाचं वजन सोळाच्या वर गेलं होतं.

काकांनी काटा तपासला. आपली पितळी, सरकारी शिक्क्याची वजनं ठेवून बघितली. काटा बरोबर होता. पुन्हा ते ठेवलं. सोळाच्या वर.

"तू उभी राहा," ते मावशीला म्हणाले.

"मी कशाला?"

"उभी राहा म्हटलं ना!"

ती चप्पल काढून काट्यावर चढली. काका आकड्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रक्तदान शिबिरातला तिचा आकडा त्यांना पाठ होता, ते दर वर्षी त्यावरून तिला चिडवायचे.

जेवढं त्याचं वाढलं होतं, तेवढंच तिचं कमी झालं होतं.

ग्रॅमपर्यंत.

लोखंडी वजनांच्या बुडाला एक भोक असतं. त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात आणि वर शिक्का मारतात. काकांनी छिन्नी घेतली आणि ते शिसं उचकटून काढलं. वाटलं होतं, आत काहीतरी असेल. कुणीतरी काहीतरी भरलं असेल.

आत काही नव्हतं. नुसती पोकळी. बोट घातलं तर आतपर्यंत जात होतं.

तरी आकडा तोच.

"सवय लावली आपण त्याला," मावशी हळूच म्हणाली. "रोज ठेवून."

काका पहिल्यांदाच वायरिंग म्हणाले नाहीत.

ठरलं असं, की ते वजन ओतशाळेत नेऊन वितळवून टाकायचं. ओतशाळा गोदामांच्या रस्त्यावरच, पार टोकाला. दुसऱ्या दिवशी गुरुवार, सासूबाईंचा आज बुडालेला व्यायामही तेव्हाच. एका फेरीत दोन्ही कामं. पेट्रोल वाचवायची संधी काकांना कशातही सापडते.

वजन गोणपाटात बांधून डिकीत टाकलं. तीन गाठी मारल्या.

मावशी पुढे बसली नाही. मागे बसली. सासूबाईंचा न वाकणारा पाय तिनं आपल्या मांडीवर घेतला.

"जड होतोय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"होणारच. तुझ्यात आहे काय."

गाडी निघाली. लख्ख ऊन. ट्रक. गोदामांची पत्र्याची दारं. पुढची सीट रिकामी, कव्हर काढलेलं, खाली काही नाही. मावशी दोन सीटांच्या फटीतून त्या दिव्याकडे बघत होती. रिकाम्या सीटला तो लागलेला असायला हवा.

लागलेला होता.

तिनं डोळे मिटले, मनात काहीतरी म्हटलं, उघडले.

विझला होता.

टुंग... टुंग...

"अहो."

टुंग...

"अहो, गाडी थांबवा!"

खट्.

पट्टा आपोआप ताणून बसला. फुगीर. सीटची पाठ करकरत मागे झुकली, एखादं भरल्या अंगाचं माणूस आरामात रेलावं तशी. ती मावशीच्या गुडघ्यांना येऊन टेकली आणि तशीच दाबत राहिली.

"ही बरी आहे," सासूबाई म्हणाल्या. "विचारलं की बोलते तरी."

"कोण बोलते, आई? कोण?"

सासूबाई पुढे बघून मान डोलवत होत्या. कुणाचं तरी ऐकत होत्या.

आणि मग काकांनी डावीकडे मान वळवली.

रिकाम्या सीटकडे बघून, रोज घरात बोलतात त्या आवाजात, ते म्हणाले,

"काय गं? ... हो, हो. पुढून डावीकडेच."

"अहो, पुढे बघा!"

पुढे ट्रक थांबला होता.

मावशी म्हणते, धडकेचा आवाज तिला आठवत नाही. आधी फट् असा एक आवाज आठवतो, आणि लगेच दुसरा. दोन्ही पिशव्या फुगल्या. काकांची फुगली. आणि त्यांच्या शेजारची, रिकाम्या सीटसमोरची, तीसुद्धा फुगली. पूर्ण. टम्म.

जिच्यासाठी तिनं एवढं केलं होतं ती पिशवी. फुगली, आणि दुसऱ्याच कुणासाठी तरी.

मग सगळं पांढरं झालं. त्या पिशव्यांमधून एक बारीक भुकटी उडते. ती गाडीभर तरंगत राहिली आणि हळूहळू खाली बसायला लागली. काकांच्या डोक्यावर. डॅशबोर्डवर. सासूबाईंच्या चष्म्यावर.

काका कण्हत होते, जिवंत होते. सासूबाई शिंकत होत्या. मावशीच्या गुडघ्यांना खरचटलं होतं, एवढंच. मागे होती म्हणून.

तिनं फटीतून पुढे बघितलं.

पुढच्या सीटवर सगळीकडे भुकटी बसली होती.

मधला भाग सोडून.

मध्ये एक स्वच्छ, काळी जागा होती. दोन मांड्यांची. रुंद पाठीची. वर गोल डोक्याची. तिथे एक कणसुद्धा पडला नव्हता. पिशवी खाली लोंबत होती आणि तिच्या कापडात खळगा होता... नाकाचा, हनुवटीचा, उघड्या तोंडाचा. आतून नव्हे. सीटच्या बाजूनं कुणीतरी चेहरा रुतवल्यासारखा.

मावशी बघत होती तेव्हाच ती स्वच्छ जागा भरायला लागली. पाठीकडून आधी. मग मांड्या. भुकटी सावकाश तिच्यावर उतरत गेली.

कारण तिथून कुणीतरी उठलं होतं.

पट्टा सुटला. दार उघडलं. बाहेरून नाही, आतून.

गाडी एकदम दोन बोटं वर आली, जड माणूस उतरलं की येते तशी.

लोक जमले. कुणी काकांना बाहेर काढलं, कुणी सासूबाईंना. मावशी स्वतःच उतरली. कुणी तिला हात दिला नाही. गर्दीत कुणाचं तिच्याकडे लक्षच गेलं नाही, एक-दोघं तर तिला धक्का देऊन पुढे गेले, दार ढकलावं तसे.

डिकी धडकेनं उघडली होती. आत गोणपाट होतं. तीन गाठी जशाच्या तशा.

आत वजन नव्हतं.

ट्रकवाला खाली उतरून काकांशी बोलत होता. तो पार घाबरला होता, पुन्हा पुन्हा सांगत होता की चूक त्याची नाही.

"मी लगेच पळत आलो, साहेब. तुमच्या मिसेस उतरल्याच होत्या. काही लागलं नव्हतं त्यांना. अंगानं बऱ्या आहेत म्हणून निभावलं. मी विचारलं, ताई, आत कितीजण आहेत?"

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

"म्हणाल्या, तिघंच. हे, मी आणि आई."



"आणि मी?" मावशी म्हणाली.

ट्रकवाला दचकला. ती इतका वेळ त्याच्या शेजारीच उभी होती. त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्ही ह्याच गाडीतल्या का?"

"मी ह्यांची बायको आहे."

तो गोंधळला. "नाही, म्हणजे... चेहरा सेम आहे. अगदी सेम. मला वाटलं, बहीण वगैरे असाल." मग काकांकडे वळून, आवाज खाली करून म्हणाला, "साहेब, त्या पुढे चालत गेल्यात. डावीकडे. एकट्याच आहेत, बघा जरा."

डावीकडे रस्ता सरळ होता. ऊन होतं. गोदामांची दारं होती. लांबपर्यंत कुणी दिसत नव्हतं.

"अहो," मावशीनं हाक मारली.

काका त्या रस्त्याकडे बघत होते.

"अहो!"

ते वळले. पण त्यांनी बघितलं ते मावशीच्या खांद्यावरून, तिच्या मागे... कुणी आलं का, हे बघावं तसं.

ह्याला आता बरेच महिने झाले. गाडी भंगारात गेली. मावशीचं गेलेलं वजन परत आलेलं नाही. दोन डॉक्टर झाले, सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं व्यवस्थित आहे. ती नीट जेवते. मी समोर बसून बघितलंय, माझ्याहून जास्त जेवते.

मी मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. मी, काका, सासूबाई आणि मावशी, असे चौघं बसलो होतो. संध्याकाळ होती, खिडकी उघडी होती, खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. चहा काकांनी केला. मला दिला. सासूबाईंना दिला. स्वतःचा टेबलावर ठेवला.

चौथा कप हातात घेऊन ते उभे राहिले.

मावशी त्यांच्या समोर बसली होती. हातभर अंतरावर. तिनं हात पुढे केला नाही. ती नुसती त्यांच्याकडे बघत होती.

काका दाराकडे बघत होते.

"ये की," ते म्हणाले. "निवतोय."

मी माझा चहा तसाच टाकून निघालो. जिना उतरताना, पहिल्या वळणावर, मला भिंतीला चिकटून अंग चोरावं लागलं...

वर कुणीतरी येत होतं, आणि जिन्यात जागा पुरत नव्हती.